बैलाचं कातडं आणि संपतरावांचा बाण

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आबांच्या अंघोळीच्या आवाजानं. पितळी तांब्या, दगडी न्हाणी आणि ऐन थंडीत गार पाणी. पाणी अंगावर पडलं की आबा 'हूं' असा एक आवाज काढायचे, आणि त्या आवाजाला आई चूल पेटवायची. आबा म्हणजे माझे आजोबा, किसनआबा. अंघोळ झाली की ते आपलं धोतर आणि बंडी स्वतः धुवायचे, नीळ घालून. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आई म्हणायची, आबांच्या धोतराला नीळ जेवढी लागते तेवढं तेल मला आठवड्याला लागत नाही. मग बुद्धवंदना, मग बाजरीची भाकरी आणि जवसाची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं. उजनीचं पाणी फुगलेलं असलं की भिगवणकडून कुणीतरी चिलापी मासे घेऊन यायचं आणि मग त्या दिवशी आमच्या घराचा वास वस्तीच्या टोकापर्यंत जायचा. वडील इंदापूरला एका कचेरीत कारकून होते. सकाळी सातची एसटी पकडायची म्हणून ते जेवताना घड्याळाकडे बघायचे, ताटाकडे नाही. मी अकरावीला, सायन्सला. वस्तीतली सायन्सला गेलेली पहिली मुलगी असल्यामुळे माझ्या नाकाला त्या वर्षी फारच धार होती. आता पन्नाशी ओलांडल्यावर ती बरीच बोथट झाली आहे, पण पूर्ण गेली आहे असं माझी सूनही म्हणणार नाही.

आमची जमीन दोन एकर, कॅनॉलच्या चारीच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला. टेलच्या माणसाला वरच्या सगळ्यांशी गोड बोलावं लागतं. आमच्या वर संपतरावांचा चाळीस एकर ऊस होता आणि चारीचं लोखंडी दार त्यांच्या बांधावर. पाण्याची पाळी सुरू झाली की ते दार उघडायचं की नाही हे कायद्यानं कॅनॉलवरच्या पाटकऱ्यानं ठरवायचं असायचं. प्रत्यक्षात पाटकरी संपतरावांच्या ओसरीवर चहा पीत बसायचा आणि दार संपतरावांच्या मूडवर चालायचं.

संपतराव माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला वाईट व्हायला लागणारी चिकाटी नव्हती. त्याला फक्त मोठं दिसायचं होतं. ऊस सगळ्यांकडेच होता, ट्रॅक्टरही दोघातिघांकडे आले होते, तेव्हा आता वेगळं काय, या काळजीत असताना टीव्हीवर रविवारी सकाळी धनुष्यबाणांच्या लढाया दिसायला लागल्या. गावात दोनच टीव्ही, त्यातला एक संपतरावांचा. अर्धं गाव त्यांच्या ओसरीवर बसून बाणातून आग निघताना बघायचं. तिथेच एका रविवारी त्यांना आठवलं की आपले पणजोबा लाकडी धनुष्यानं हरणं मारायचे. एका बाणात हरण आरपार, आणि बाण पलीकडे बाभळीत जाऊन रुतलेला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक हरण होतं. मी अकरावीला जाईपर्यंत त्याच एका बाणात दोन हरणं झाली होती आणि बाभळीचं खोडही फाटलं होतं. आणखी चार वर्षं टीव्ही चालला असता तर त्या बाणानं सोलापूर गाठलं असतं.

मग त्यांनी धनुष्य करवून घेतलं. धामणीचं लाकूड, सुताराकडून आठवडाभर तासून घेतलेलं. धनुष्य खरोखर सुरेख होतं, हे मान्य करायला पाहिजे. बाण वेळूचे. पण बाणांची पाती बघण्यासारखी होती. भिगवणच्या लोहाराकडून पिंपळपानाच्या आकाराची घडवली आणि बारामतीला नेऊन भांड्यांना देतात तसलं चकचकीत पॉलिश दिलं. उन्हात धरलं की डोळे दिपायचे. संपतराव ते धनुष्य खांद्याला लावून स्कूटरवरून फिरायचे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बंदुकीला लायसन लागतं, धनुष्याला लागत नाही, आणि त्यावरून त्यांनी हरण मारायलाही काही लागत नाही असा अर्थ काढला होता. आमच्या माळावर तेव्हा हरणं बरीच. चिंकारा म्हणतात हे मला पुस्तकातून कळलं, आम्ही सगळे हरणच म्हणायचो. दिवस कलला की पाचसहांचा कळप संपतरावांच्या लसूणघासाच्या वाफ्यात उतरायचा आणि मालकापेक्षा निवांत चरायचा.

त्या थंडीत संपतरावांचा मेव्हणा पुण्याहून हुरड्याला यायचा होता, चार मित्रांना घेऊन. मेव्हणा इंजिनियर. संपतरावांनी पाहुण्यांना कबूल करून टाकलं की हुरड्याबरोबर हरणाचं मटण, तेही एका बाणातलं. पाहुणे आले, हुरडा खाल्ला, आणि मेव्हण्यानं धनुष्य हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. "दाजी," तो म्हणाला, "हा बाण आरपार जाणं सोडा, कातडीच फोडणार नाही." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून परीक्षा सुरू. आधी एक डांगर, म्हणजे लाल भोपळा, ठेवलं, त्यातून बाण गेला. मेव्हणा म्हणाला, डांगराला कातडी कुठंय. मग उसाचा ओला भुस्सा भरलेलं पोतं ठेवलं, त्यात बाण वीतभर गेला. मेव्हणा म्हणाला, पोत्याला भोकंच असतात. गाव कामधाम सोडून जमलेलं. आणि नेमका त्याच दुपारी संपतरावांच्या गोठ्यातला म्हातारा बैल मेला. वयानंच मेला बिचारा, पण संपतरावांना त्यात देवाचा हात दिसला. बैलाचं कातडं फुटलं म्हणजे हरणाचं काय, लोणीच!

आता यात एक अडचण होती. आमच्या लोकांनी दीक्षा घेतल्यापासून मेलेली जनावरं ओढायची, सोलायची सोडून दिली होती. आबांनी त्या वेळी आपली सुरी भीमेच्या डोहात टाकली होती आणि पुन्हा मेल्या जनावराला हात लावणार नाही असा शब्द स्वतःला दिला होता. तेव्हापासून गावात जनावर मेलं की ज्याचं त्यानं पुरायचं, अशी रीत पडली होती. तरीही संध्याकाळच्या आत संपतरावांचा गडी विष्णू आमच्या दारात उभा राहिला. बिचारा मान वर करत नव्हता.

"मालकांनी सांगितलंय, किसन्याला म्हणावं बैलाचं कातडं काढून दे. उद्या सकाळी. मंग लगीच चारीचं दार उघडतो."

माझे वडील नुकतेच एसटीतून उतरून आले होते. ते ताडकन उठले. "जाऊन सांग मालकाला, आमच्यात कुणी किसन्या ऱ्हात न्हाय. आन कातडं तू काढ म्हणावं."

विष्णू गेला नाही. तो आबांकडे बघत राहिला. आई चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "गहू वंबीत आलाय. पाळी चार दिसानं बंद व्हनार. दाणा भरला न्हाय तर काय खायाचं?" तिच्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा तिनं तोंडावर पदर धरला. गहू गेला असता तर वर्षभर विकतचं धान्य, आणि आबांनी हात लावला असता तर पस्तीस वर्षं धुतलेलं धोतर पाण्यात. आबांनी शांतपणे पान जुळवलं, चुना लावला, आणि विष्णूला म्हणाले, "येतो म्हणावं."

मी त्या रात्री आबांशी बोलले नाही. सकाळी त्यांनी 'हूं' केलं तरी माडगं नेऊन दिलं नाही. आबांनी अंघोळ केली, सगळ्यांत पांढरं धोतर काढलं, पटका बांधला, आणि लग्नाला निघावं तसे निघाले. मी मागोमाग गेले. माझ्या मनात होतं, आपण बघायचं, आणि जन्मभर लक्षात ठेवायचं. सतरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश व्हायला फार आवडतं.

संपतरावांच्या खळ्यात बैल पडला होता. पाहुणे नाकाला रुमाल लावून खाटेवर बसले होते. संपतराव खळखळून हसत पुढं आले. "ये किसन्या. कर सुरू."

आबा उभेच राहिले. "कातडं कशाला पायजे? बैल असा हाय तसाच उभा टेकवा आन मारा की बाण."

संपतरावांनी कानाला हात लावला. "आरं, घरचा बैल हाय! बेंदराला पुरणपोळी खाल्लीय त्यानं माझ्या हातनं. त्येला बाण मारू व्हय? पाप लागंल."

"सोलला तर न्हाय लागत?"

"त्ये... त्ये तू करनार न्हवं का."

खाटेवरचा मेव्हणा मोठ्यानं हसला. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मी हात लावनार न्हाय. पर इद्या येती, ती सांगतो. सांगायला बंदी न्हाय, शिवायला हाय. ज्येला करायचं त्येनं पुढं या. आन मला बसायला खुर्ची द्या, म्हातारा माणूस हाय, उभ्यानं शिकवता येत न्हाय."

विष्णूनं खुर्ची आणली, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन मालकाकडे बघितलं. आबा बसले होते. संपतरावांनी एकेका गड्याकडे बघितलं. विष्णू म्हणाला, आमच्यात नाही करत. दुसरा म्हणाला, माझी बायको घरात घेणार नाही. तिसऱ्याला अचानक मोटार बंद करायची आठवण झाली. मेव्हणा खाटेवरूनच म्हणाला, "जाऊ द्या दाजी. हरलो म्हणा आणि कोंबडं कापा."

तो एक शब्द पुरला. संपतरावांनी कडक इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि विष्णूनं पुढं केलेला ऊसतोडीचा कोयता घेतला.

"कोयत्यानं ऊस तुटतो मालक," आबा म्हणाले, "कातडं न्हाय. सुरी आना."

सुरी आली. पुढचे अडीच तास मी जे बघितलं ते शाळेच्या कुठल्याही स्नेहसंमेलनात बघितलं नाही. आबा खुर्चीत, हात गुडघ्यांवर, आवाज प्राथमिक शाळेच्या मास्तरसारखा. "आधी पोटाच्या मधनं रेघ. दाबू नका, वढा. आवो वढा म्हनतोय, भाजी चिरताय का? आता मूठ घालून सोडवा. मुठीनं. हां, तोंड फिरवू नका, तोंड फिरवलं की सुरी फिरती." सुरी फिरतच होती. कातड्याला जागोजाग भोकं पडत होती आणि प्रत्येक भोकाला आबा 'अरारा' म्हणत होते. संपतरावांना मधे दोनदा कुंपणापाशी जाऊन वाकावं लागलं. बायका माळवदावर चढून बघत होत्या. म्हातारे येऊन बसले. कुणीतरी शेंगा भाजून आणल्या. दुपारपर्यंत कातडं निघालं तेव्हा संपतरावांच्या सदऱ्याचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. तोपर्यंत माझा राग कुठं गेला होता मला माहीत नाही. मीही शेंगा खात होते.

कातडं भुश्शाच्या पोत्यावर बांधलं आणि पोतं लिंबाला टेकवलं. चाळीस पावलांवरून पहिला बाण सुटला. सुटताना त्याचं शेपूट माशासारखं हलत होतं. धप्पकन आवाज झाला आणि बाण खाली पडला. कातड्यावर ओरखडासुद्धा नाही. वीस पावलांवरून दुसरा गेला. तो दोन बोटं रुतला आणि जरा वेळानं स्वतःच्या वजनानं खाली लोंबला. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "संपतराव, हरणाला निरोप धाडा, जरा जवळ ये म्हणावं." संपतराव दहा पावलांवर गेले. तिसरा बाण सुळकन आत गेला, अगदी पिसांपर्यंत. एकच जल्लोष झाला. संपतरावांनी त्याच हातांनी मिशीला पीळ दिला. मेव्हणा खाटेवरून उठला, पोत्यापाशी गेला, वाकून बघितलं, बोट घालून बघितलं, आणि वळून म्हणाला, "दाजी, हे सुरीचं भोक आहे. तुम्हीच पाडलेलं."

गाव त्यानंतर किती हसलं हे सांगत बसत नाही. पाहुण्यांनी संध्याकाळी कोंबडं खाल्लं. हरणं नेहमीसारखी घासात उतरली होती. त्यांच्याकडे बघायचं त्राण त्या दिवशी संपतरावांत नव्हतं.

घरी येताना मी आबांना माझी सायन्सची अक्कल दाखवली. म्हटलं, बाणाचं वजन कमी होतं, वेग कमी होता, म्हणून आत गेला नाही. आबांनी थोडं चालल्यावर मान हलवली.

"धनुष्य चांगलं हुतं. जोर बक्कळ हुता. त्या पात्याला धार कुठं हुती? नुसतं चकाकतंय, बोट फिरवलं तर कापत न्हाय. कातडं जोराला भीत न्हाय बाय, धारंला भीतं. दगडावर घासून धार काढली असती आन बाण सरळ करून घेतला असता, तर फासळीच्या मधनं पार गेला असता."

"मग सांगितलं का नाही?"

"मला कातडं काढायला बोलावलं हुतं. बाणाचं कुणी इचारलं?"

हे मी पुढे कितीदा आठवलं. जो माणूस अर्धं आयुष्य कातडं कसं कापलं जातं हे हातानं शिकला, तो तीन हातांवर खुर्चीत बसला होता. चाळीस एकरवाल्याला आणि इंजिनियरला, दोघांनाही त्याला विचारावंसं वाटलं नाही. आमच्या माळावरची ती हरणं दोन शहाण्या माणसांच्या अडाणीपणावर जगली. अजूनही माळावर आहेत. आता त्यांना बघायला पुण्याहून लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि संपतरावांचा मुलगा त्यांना गाडीतून फिरवतो.

चारीचं दार मात्र उघडलं नाही. आबांनी कुठं सोललं, सोललं तर मीच, असा संपतरावांचा हिशेब. पाळीचे दोन दिवस राहिले. गव्हाची पात दुपारी वळायला लागली. वडील पाटकऱ्याकडे जाऊन आले, तो म्हणाला बघतो. आई रोज बांधावर जाऊन कोरडी चारी बघून यायची आणि आल्यावर भांडी जोरात आपटायची. आबांना कुणी काही म्हटलं नाही, पण त्यांनी पान खायचं सोडलं होतं.

तिकडे संपतरावांच्या घरी वेगळंच चाललं होतं. त्यांची आई, थोरल्या बाई, बेंदराला बैलाला ओवाळणारी, सोवळ्याची. तिनं मुलाला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. "ढोर सोलून आलाय, त्यो गोठ्यात ऱ्हाईल," असं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं. त्यांचं जेवण गोठ्याच्या कट्ट्यावर जायचं, वेगळ्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत, आणि वाढणारी सून भाकरी वरून टाकायची. हे विष्णूनंच सांगितलं. वास येतो, हे बाईंचं म्हणणं, आणि वास जाईपर्यंत आत नाही. संपतरावांचा साबण लावून झाला, शिकेकाई झाली, रॉकेलही झालं.

पाळीच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. एकटे, चालत, स्कूटरशिवाय. ओट्याच्या खाली उभे राहिले. मी दारातच होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"किसनआबा," ते म्हणाले, "ह्यो हाताचा वास जातो कशानं?"

आबांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. मला वाटलं आता हाणतील शब्दांनी, आणि मी मनापासून वाट बघत होते. पण आबा म्हणाले, "बसा." मग आईला हाक मारून चुलीतली राख आणि चिंच मागवली. संपतरावांनी न्हाणीच्या दगडावर बसून हात चोळले. एकदा, दोनदा. हुंगून बघितले. त्यांचे डोळे भरून आले होते, राखेनं की कशानं कोण जाणे.

"हाताचा गेला," आबा म्हणाले. "लोकांच्या नाकातला कशानं जातो, त्ये मला अजून घावलं न्हाय. घावलं तर सांगा."

चुलीवर चिलापीचं कालवण उकळत होतं. माणूस तीन दिवस वरून पडणारी भाकरी खात होता. आई बाहेर आली, तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि न विचारता ताट केलं. वाढताना ती क्षणभर थांबली. मग खाली वाकली आणि भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. टाकली नाही.

जेवून झाल्यावर संपतराव म्हणाले, "दार उघडून ठिवतो." ते बोलल्यासारखं वागले, हे मला सांगितलंच पाहिजे. दुपारी चारीला पाणी आलं, रात्रभर आलं, आणि गहू वाचला. पण निघताना ते ओट्याच्या पायरीवर थांबले होते. आजूबाजूला बघून, आवाज उतरवून म्हणाले, "आबा, तेवढं हितं जेवलो म्हणून कुणाला बोलू नगा."

आबांनी मान डोलावली. "न्हाय बोलत." आणि आबा जाईपर्यंत खरंच कुणाला बोलले नाहीत. वडील बोलले नाहीत, आई बोलली नाही. संपतरावही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण शब्द आबांनी दिला होता, मी दिला नव्हता. तर ऐका. संपतराव आमच्या घरी जेवले. तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि कालवण दोनदा मागून घेतलं.